थकलेल्या मागच्या पायांसाठी आधाराचा हार्नेस: सव्वा वर्षाच्या रोजच्या वापरानंतर

आमच्या खंडू या म्हाताऱ्या कुत्र्यासाठी मागच्या अंगाला आधार देणारा हार्नेस, म्हणजे अंगात घालायचा मुठींचा पट्टा, आम्ही गेल्या वर्षी मे महिन्यात घेतला आणि यंदाच्या ऑगस्टपर्यंत, म्हणजे तो गेला त्या आठवड्यापर्यंत, दिवसातून चार वेळा वापरला. मुलुंडमधील आमची इमारत जुनी, तीन मजल्यांची आहे आणि तिला लिफ्ट नाही. आमच्या दारापासून रस्त्यापर्यंत ५४ पायऱ्या आहेत. खंडू लॅब्राडोर आणि गावठी यांचा संकर, वजन ३१ किलो, आणि हार्नेस घरात आला तेव्हा त्याला तेरावे वर्ष संपत आले होते. इतक्या वापरानंतर माझे मत असे आहे की ही वस्तू निश्चित घ्यावी, मात्र कुत्र्याला उचलून नेण्याचे साधन म्हणून घेतली तर पदरी निराशा येईल. कुत्र्याला जेवढे बळ कमी पडते तेवढेच उसने देणे हे तिचे काम आहे, आणि हे काम त्याच्या अंगात थोडीफार ताकद शिल्लक असतानाच होऊ शकते. आम्ही ती निदान सहा महिने उशिरा घेतली. दुसऱ्या कोणाच्या घरी असा उशीर होऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

उशीर झाला तो खुणा दिसत असूनही आम्हाला त्या वाचता न आल्यामुळे. आदल्या डिसेंबरपासून खंडू घरात चालू लागला की मागच्या पायांच्या नखांचा फरशीवर खर्र खर्र असा आवाज येत असे. आईला वाटले की नखे वाढली असतील, म्हणून मी ती कापली, तरी आवाज थांबला नाही. पंजाच जमिनीवरून पुरता उचलला जात नव्हता, आणि मधल्या दोन नखांची वरची बाजू घासून सपाट झाली होती, हे माझ्या फार नंतर लक्षात आले. तो उठताना पुढचे पाय रोवून मागचे अंग ओढून घेई, आणि जिना चढताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबून माझ्याकडे न पाहता भिंतीकडे पाहत उभा राही. मे महिन्यातल्या एका सकाळी तो त्याच वळणावर बसला आणि उठेना. मी पोटाखाली दोन्ही हात घालून त्याला वर आणू लागलो, तेव्हा त्याने आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मनगटावर दात टेकवले. तो चावला नाही, दात नुसते टेकवून धरले. त्याला किती दुखत असेल, हे मला त्या क्षणी कळले.

त्याच आठवड्यात आम्ही त्याला परळला पशुवैद्यकांकडे नेले. एक्स-रेमध्ये दोन्ही खुब्यांचे सांधे झिजलेले दिसले, आणि कमरेच्या मणक्यांवर हाड वाढून दोन मणके जणू पुलाने जोडले गेले होते. उभ्या कुत्र्याच्या वजनापैकी साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर आणि ४० टक्के मागच्या पायांवर असतो. मागचे पाय दुखू लागले की कुत्रा आणखी भार पुढे ढकलतो, मागचे स्नायू वापरावाचून वाळतात, आणि स्नायू वाळले की सांध्याला आधार उरत नाही, हे चक्र डॉक्टरांनी आम्हाला कागदावर काढून समजावले. "औषधाने दुखणं कमी होईल," ते म्हणाले, "पण गेलेला स्नायू या वयात फारसा परत येत नाही. आहे तो टिकवायचा असेल तर त्याला चालतं ठेवा, आणि चालताना पडू देऊ नका." हार्नेस घेण्याचा सल्ला या वाक्यातून आला.

येथे औषधाविषयी थोडे लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण वेदना आटोक्यात आणल्यावाचून कोणताही हार्नेस उपयोगी पडणार नाही. रक्ताची तपासणी करून मूत्रपिंडे आणि यकृत ठीक आहेत, हे पाहिल्यानंतरच डॉक्टरांनी मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक औषध सुरू केले. आईच्या गुडघ्यांसाठी घरात त्याच नावाची १५ मिलिग्रॅमची गोळी असते, म्हणून तिने साहजिकच विचारले, "माझ्यातलीच अर्धी दिली तर चालेल का हो, डॉक्टर?" अर्धी गोळी म्हणजे साडेसात मिलिग्रॅम, आणि खंडूच्या वजनाच्या कुत्र्याची रोजची मात्रा जेमतेम तीन मिलिग्रॅम. नाव एक असले तरी मात्रेत एवढा फरक असतो, आणि आयब्युप्रोफेनसारखी एरवी साधी वाटणारी गोळी तर कुत्र्याच्या पोटात व्रण करून मूत्रपिंडे निकामी करू शकते. औषधांच्या डब्यातले काहीही स्वतःच्या मनाने कुत्र्याला देऊ नये, हे मी हात जोडून सांगतो.

आता हार्नेसकडे येतो. आम्ही पहिल्यांदा घेतला तो पोटाखालून जाणारा, झोळीसारखा, दोन मुठींचा पट्टा होता. किंमत सातशे रुपयांच्या आत होती आणि दुसऱ्या दिवशी घरपोच आला. तो चार दिवसांत बाजूला ठेवावा लागला. पोटावर दाब येत असल्याने खंडूला श्वास घेताना कुचंबणा होई, आणि नर कुत्र्याच्या लघवीच्या जागेवरच हे कापड येत असल्याने प्रत्येक वेळी एक तर तो लघवी रोखून धरे किंवा कापड भिजे. शिवाय आधार मिळतो तो पोटाच्या मध्यावर, आणि गरज असते खुब्याखाली, म्हणून मूठ वर ओढली की पाठीची कमान होई आणि पाय तसेच लोंबकळत राहत. दुखऱ्या मणक्यांसाठी हे वाईटच. शस्त्रक्रियेनंतर चार दिवस आधार हवा असेल किंवा कुत्री मादी आणि वजनाने हलकी असेल, तर असा पट्टा, किंवा घरातला जुना जाड टॉवेलसुद्धा, चालून जाईल. रोजच्या, लांब पल्ल्याच्या वापरासाठी तो घेऊ नये.

दुसरा घेतला तो ३,४०० रुपयांचा, आणि हे परीक्षण त्याचेच आहे. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण या घडणीचे हार्नेस आता अनेक जण विकतात आणि घेताना नावापेक्षा घडण पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. त्याचे दोन भाग असतात. पुढचा भाग छातीभोवती बसतो, मागचा भाग कमरेच्या हाडांवरून येऊन शेपटीखाली रुंद गादीसारखा पसरतो आणि त्याचे दोन पट्टे मांड्यांच्या आतून फिरून बाजूच्या बकलात अडकतात. दोन्ही भाग पाठीवरच्या एका पट्टीने जोडलेले असतात, आणि प्रत्येक भागावर एक मूठ असते. मागची मूठ वर घेतली की भार बसण्याच्या हाडांवर आणि मांड्यांवर वाटला जातो, पोट पूर्ण मोकळे राहते, लघवीची जागाही मोकळी राहते आणि शेपटी गादीच्या वर राहत असल्याने शौचालाही अडचण येत नाही. नर कुत्र्यासाठी घेताना मांडीच्या पट्ट्यांमधले अंतर मुद्दाम पाहावे. काही हार्नेसमध्ये तेथे आडवी पट्टी असते, ती असेल तर तो हार्नेस नर कुत्र्याच्या कामाचा नाही.

माप घेण्यात आम्ही चुकलो आणि एकदा अदलाबदल करावी लागली. विक्रेते वजनावरून आकार सुचवतात, पण म्हाताऱ्या कुत्र्याच्या बाबतीत वजन फसवे असते. खंडूची छाती लॅब्राडोरसारखी भरदार होती आणि मांड्या वाळून गावठी कुत्र्यासारख्या बारीक झाल्या होत्या, त्यामुळे ३१ किलोच्या आकारात पुढचा भाग नीट बसला आणि मागचा घसरून गुडघ्यांकडे येऊ लागला. शिंप्याची टेप घ्यावी आणि कुत्रा उभा असताना तीन मापे घ्यावीत: पुढच्या पायांच्या मागे छातीचा घेर, मागच्या पायांच्या पुढे कमरेचा घेर, आणि मांडीचा सर्वांत जाड जागेवरचा घेर. उभे राहणे कठीण जात असेल तर दुसऱ्याने त्याला मागून हलका आधार द्यावा, पण झोपलेल्या कुत्र्याचे माप घेऊ नये, कारण झोपल्यावर मांडी पसरते आणि घेर मोठा येतो. आम्हाला शेवटी दोन भाग वेगवेगळ्या आकारांचे घ्यावे लागले. ज्या हार्नेसचे भाग सुटे मिळतात तोच घ्यावा, असे मी या अनुभवावरून सांगेन.

हार्नेस आला त्या दिवशीच तो घालून जिना उतरवण्याची चूक करू नये. आधीच दुखणे, डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात, ऐकू कमी येणारे, अशा प्राण्याच्या मांड्यांमध्ये अचानक काही अडकवले तर त्याला भीती वाटणारच. पहिले दोन दिवस हार्नेस त्याच्या अंथरुणाशेजारी नुसता पडलेला होता आणि आई त्यावर पोळीचे तुकडे ठेवत असे. मग पुढचा भाग, मग मागचा, मग पाच मिनिटे तो घालून घरात फेरी, असे करत बारा दिवसांनी आम्ही पहिल्यांदा जिन्यावर गेलो. शेवटी शेवटी हार्नेसच्या बकलाचा आवाज झाला की, कान मंदावलेले असूनही, तो पुढचे पाय ताणून तयार होई, कारण त्या आवाजानंतर खाली जायला मिळते, हे त्याला पक्के माहीत झाले होते. बकले लावताना मांडीचे पट्टे किती ओढायचे, हे आईच्या लक्षात राहत नसे, म्हणून मी पट्ट्यांवर योग्य जागी लाल दोऱ्याचे दोन टाके घातले. खूण बकलापर्यंत आली की पुरे. एकाहून अधिक माणसे कुत्र्याचे करत असतील तर ही साधी युक्ती फार उपयोगी पडते.

जिन्याचे तंत्र आम्हाला कोणी शिकवले नाही, ते चुकत चुकत कळले. चढताना मागच्या पायांनी अंग वर ढकलावे लागते, म्हणून खरी मदत चढताना हवी असते. उतरताना मागच्या पायांवरचा भार उलट हलका होतो, पण सगळे वजन खांद्यांवर येते आणि कुत्रा तोंडघशी पडण्याचा धोका असतो. चढताना मी त्याच्या उजव्या बाजूला, एक पायरी खाली राही आणि त्याने पुढचे पाय वरच्या पायरीवर ठेवले की त्याच क्षणी मूठ दोन-तीन इंच वर घेई. आधी घेतली तर त्याचा तोल जाई, उशिरा घेतली तर पंजा पायरीच्या कडेला आपटे. उतरताना मूठ वर ओढायची नसते, मागे धरून ठेवायची असते, म्हणजे तो आपल्या वेगाने उतरतो आणि घसरत नाही. प्रत्येक वळणावर आम्ही थांबत असू, मग त्याला दम लागलेला असो वा नसो. कठडा नेहमी त्याच्या बाजूला आणि भिंत माझ्या बाजूला असे मी आधी करत होतो, ते उलट करायला हवे होते. भिंतीला अंग टेकवता आले की कुत्र्याला धीर येतो, हे त्यानेच मला दाखवले, कारण तो मला ढकलत ढकलत भिंतीकडे सरकत असे.

माणसाच्या पाठीविषयी कोणी बोलत नाही. मूठ आखूड असेल तर वाकून चालावे लागते आणि पंधरा दिवसांत कंबर धरते. या हार्नेसबरोबर खांद्यावर घेण्याचा लांब पट्टा मिळतो, तो आम्ही महिनाभर पिशवीतच ठेवला होता. तो लावल्यावर माझी पाठ सरळ राहू लागली, आणि बहात्तर वर्षांच्या माझ्या आईलाही त्याला गॅलरीपर्यंत नेता येऊ लागले. लांब पट्टा नसलेला हार्नेस मोठ्या कुत्र्यासाठी घेऊ नये.

आता या वस्तूची उणी बाजू, आणि ती आपल्या हवेत फार मोठी आहे. मांड्यांच्या पट्ट्यांना आतून निओप्रीनचा, म्हणजे एका प्रकारच्या कृत्रिम रबराचा, मऊ थर आहे. थंड देशात तो सुखद असेल. मुंबईच्या जुलैत त्याखाली उष्णता आणि ओल कोंडून राहते. पहिल्याच पावसाळ्यात खंडूच्या जांघेत दोन्ही बाजूंना लालसर चट्टे उठले, आणि तो ती जागा चाटून चाटून ओली ठेवू लागला. डॉक्टरांनी मलम दिले आणि आठ दिवस हार्नेस बंद ठेवायला सांगितले. त्या आठ दिवसांत मांड्यांचा जो स्नायू उतरला तो पुन्हा भरला नाही. त्यानंतर आम्ही काही नियम ठरवले. बाहेर जाताना हार्नेस घालायचा आणि वर आल्याबरोबर काढायचा. रात्रभर अंगावर ठेवायचा नाही. मांडीच्या पट्ट्यांना जुन्या सुती धोतराची घडी गुंडाळायची आणि ती प्रत्येक वेळी बदलायची. जांघेतले केस कात्रीने आखूड ठेवायचे. हार्नेस भिजला तर पंख्याखाली वाळायला आठ-नऊ तास लागतात, आणि पावसाळ्यात खंडू चार वेळा खाली जाई, म्हणून मागचा भाग आम्ही आणखी एक घेतला, तो १,९०० रुपयांना पडला. म्हणजे पावसाळी प्रदेशात या वस्तूची खरी किंमत ५,३०० रुपये धरून चालावे. आतला थर जाळीदार कापडाचा असलेले हार्नेसही मिळतात. आज घ्यायचा झाला तर मी तसाच घेईन, मग त्याची गादी थोडी कमी मऊ असली तरी चालेल.

टिकाऊपणाविषयी तक्रार नाही. नायलॉनच्या पट्ट्या आणि बकले शेवटपर्यंत धड राहिली. मागच्या मुठीची शिवण दहाव्या महिन्यात उसवू लागली होती, ती कोपऱ्यावरच्या मोच्याकडून जाड दोऱ्याने दुहेरी शिवून घेतली. वेल्क्रोत केस अडकून त्याची पकड जाते, म्हणून दर रविवारी जुन्या दात घासायच्या ब्रशने तो साफ करावा लागतो.

हार्नेस बाहेरच्या चार फेऱ्यांचा प्रश्न सोडवतो. घरातल्या वीस तासांचा प्रश्न फरशीचा आहे, आणि फरशीकडे दुर्लक्ष करून हार्नेसवर पैसे घालणे व्यर्थ आहे. आपल्या घरांतल्या गुळगुळीत लाद्यांवर म्हाताऱ्या कुत्र्याचे पाय चार दिशांना पसरतात, तो एकदा तसा पडला की उठायला घाबरतो आणि मग पाण्याच्या भांड्यापर्यंतही जात नाही. आम्ही सतरंज्या टाकून पाहिल्या, त्या त्याच्यासकट सरकत. शेवटी खालून रबर असलेल्या पायपुसण्यांची आणि व्यायामाच्या चटयांची सलग वाट त्याच्या अंथरुणापासून पाण्यापर्यंत, गॅलरीपर्यंत आणि दारापर्यंत केली. मध्ये एका लादीचीही फट ठेवली तरी तो तेथे थांबे. पंज्यांच्या गाद्यांमध्ये वाढणारे केस दर पंधरा दिवसांनी कापले, तेही तितकेच महत्त्वाचे ठरले. रात्री तो मधूनच उठून कोपऱ्यात तोंड करून उभा राहू लागला होता, म्हणून या वाटेवर एक मंद दिवा लावून ठेवला.

एक गोष्ट मी केली ती हा हार्नेस घेणाऱ्या प्रत्येकाने करावी, असे मला मनापासून वाटते. प्रवासाच्या बॅगा तोलायचा छोटा हातकाटा घरात होता. तो मी मागच्या मुठीत अडकवला आणि सपाट जागी, खंडू चालत असताना, मी नेमका किती भार उचलतो आहे, हे पाहू लागलो. पहिल्या महिन्यात काटा तीन-चार किलो दाखवी. हिवाळ्यात तो सहावर गेला, यंदा मे महिन्यात आठवर. रोज उचलणाऱ्या हाताला हा फरक कळत नाही, कारण हातही हळूहळू सवयीचा होतो. ज्या महिन्यात आकडा चढला त्या महिन्यात आम्ही डॉक्टरांना दाखवले, आणि दोनदा औषधात बदल केल्यावर तो काही आठवडे पुन्हा खाली आला. औषध लागू पडते आहे की नाही, हे कुत्रा सांगू शकत नाही. काट्याने ते आम्हाला सांगितले.

जुलैच्या अखेरीस आम्ही अमेरिकेतील पशुवैद्यक अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांची मोजपट्टी वापरू लागलो. तिच्यात वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का, या सात गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दहा गुण द्यायचे असतात, आणि बेरीज पस्तिसाच्या वर असेल तर प्राण्याचे जगणे सुसह्य मानले जाते. मी दर रविवारी कॅलेंडरवर बेरीज लिहीत असे, आणि हालचालीला दर वेळी सहा गुण देत असे, कारण खंडू दिवसातून चार वेळा खाली जात होता, झाडापाशी थांबत होता आणि परत येत होता. ऑगस्टमधल्या दुसऱ्या रविवारी आईने कॅलेंडर पाहिले आणि विचारले, "अरे, हे सहा कुणाचे? तो चालतोय की तू त्याला चालवतोयस?"

मी काटा लावून पाहिले. तो अकरा किलोवर स्थिर होता. तोपर्यंत खंडूचे वजन २८ किलोपर्यंत उतरले होते, आणि २८ किलोचे ४० टक्के म्हणजे अकराच्या थोडे वर. मागच्या पायांवर असायला हवा तो सगळाच्या सगळा भार माझ्या हातात होता. त्याचे पाय पायऱ्यांना नुसते लागत होते. हा हार्नेस इतका चांगला बनवलेला आहे की ही अवस्था आठवडेच्या आठवडे नजरेआड राहू शकते, आणि त्याचा हा धोका मी गुणांइतक्याच गांभीर्याने सांगतो. दुसऱ्या दिवसापासून आम्ही त्याला खाली नेणे थांबवले. पाच दिवस तो गॅलरीत, जाळीशी नाक लावून, रस्त्याकडे पाहत पडून होता. दर तीन तासांनी आम्ही त्याची कूस बदलत होतो. सहाव्या दिवशी त्याने आईच्या हातचा दूध-पोळीचा घास तोंडात घेतला आणि तसाच धरून ठेवला, गिळला नाही. संध्याकाळी डॉक्टर घरी आले. आधी गुंगीचे इंजेक्शन दिले, तो गाढ झोपला, मग दुसरे. आईचा हात त्याच्या कपाळावर होता, आणि त्याला जिना उतरावा लागला नाही.

ज्यांच्या घरी वीस किलोंहून मोठे, आठ-नऊ वर्षांपुढचे कुत्रे आहे आणि ज्यांच्या इमारतीला जिना आहे, त्यांनी हा हार्नेस गरज पडण्याच्या आधी घ्यावा. कुत्र्याला अर्धांग झाले असेल, मागचे पाय मुळीच हलत नसतील, तर हा घेऊ नये. त्याला चाकांची गाडी लागते आणि ती कोणती, हे पशुवैद्यकांना विचारावे. मूत्राशयावर ताबा राहिला नसेल तर हार्नेस रोज धुवावा लागेल, तेव्हा दोन संच हवेतच. घडणीला मी पाचपैकी साडेचार देईन, आतल्या कापडाला दोन. सोबत आलेल्या पत्रकात माप कसे घ्यावे, याची नीट आकृती नाही आणि कुत्र्याला सवय कशी लावावी, याविषयी एक ओळही नाही, ही उणीव विक्रेत्यांनी भरून काढावी.

दोन्ही संच मी साबणाच्या कोमट पाण्यात धुतले, दोन दिवस उन्हात वाळवले आणि गेल्या आठवड्यात शेजारच्या गल्लीत एका घरी नेऊन दिले. त्यांची कुत्री नऊ वर्षांची आहे, दार उघडल्यावर ती माझ्यासमोर आली तेव्हा फरशीवर तिच्या मागच्या नखांचा आवाज येत होता. ती धडधाकट आहे, असे त्या घरच्या काकू म्हणाल्या, तरी त्यांनी हार्नेस ठेवून घेतला. पट्ट्यांवरचे लाल टाके मी तेथेच बसून उसवले, कारण तिच्या मांड्या खंडूपेक्षा दीड इंचाने जाड आहेत, आणि नव्या जागी नवे टाके घालून दिले.